मुन्नार : चहाच्या मळ्यातले गाव
महाराष्ट्रातून मुन्नारला सहली नेणाऱ्या पर्यटन संस्था आणि त्यांचे प्रवासी यांना खुले पत्र



मुन्नार हे केरळच्या इडुक्की जिल्ह्यातले, देवीकुळम तालुक्यातले लहानसे गाव. कोचीहून सुमारे १३० किलोमीटरचा रस्ता, त्यातला बराचसा घाटाचा. गावाची उंची पंधराशे ते सोळाशे मीटर, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याइतकी. तरीही गाव दरीत वसलेले आहे, कारण भोवतालचे डोंगर त्याहून कितीतरी उंच आहेत. त्यांतला आनमुडी २,६९५ मीटरचा, हिमालयाच्या दक्षिणेकडचे भारतातले सर्वांत उंच शिखर. मुथिरप्पुळा, नल्लतण्णी आणि कुंडला या तीन नद्या गावातच एकमेकींना मिळतात. एक बाजारपेठ, बसस्थानक, टेकड्यांवर देऊळ, मशीद आणि चर्च, अलीकडे वाढलेली हॉटेले, एवढाच गावाचा पसारा. पेठ संपली की चहा सुरू होतो आणि डोंगराच्या खांद्यापर्यंत चढत जातो.

केरळ सहलीच्या कार्यक्रमात मुन्नारला बहुधा एक-दोन मुक्काम मिळतात. तेवढ्या वेळात मळा दिसतो तो गाडीच्या खिडकीतून, किंवा फोटोच्या पार्श्वभूमीला. त्या हिरव्या उतारावर हजारो कुटुंबांची घरे आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांचे कष्ट आहेत, आणि त्या घरांवरचा कुटुंबांचा हक्क नोकरी असेतोवरच टिकतो, ही गोष्ट बसमधल्या माहितीत क्वचितच येते. ती यावी, प्रवाशांनी ती जाणून जावे, यासाठी हे पत्र.

हे डोंगर मुळात शोला जंगलाचे आणि गवताचे. शोला म्हणजे डोंगरांच्या खोबणीत, पाण्याच्या वाटेवर वाढणारे बुटके, दाट, सदाहरित रान. वरचे उघडे माथे गवताचे. मुथुवन आदिवासी या भागात चहाच्या कितीतरी आधीपासून राहत आले आहेत. १८७७ साली त्रावणकोर संस्थानच्या सेवेतला ब्रिटिश अधिकारी जॉन डॅनियल मन्रो याने पूंजारच्या राजाकडून कण्णन देवन डोंगरांचा पट्टा करारावर घेतला. हा पट्टा एक लाख सदतीस हजार एकरांच्या आसपास होता. सुरुवातीला कॉफी, सिंकोना, वेलदोडा, सिसल असे नाना प्रयोग झाले. १८८० मध्ये ए. एच. शार्प याने पार्वती नावाच्या भागात चहा लावला. ही जागा आता सेव्हन मलै मळ्यात मोडते. चहा या हवेत रुजला आणि बाकीची पिके मागे पडली. १८९७ मध्ये कण्णन देवन हिल्स प्रोड्यूस कंपनी स्थापन झाली. तिच्या पाठीशी जेम्स फिनले ही स्कॉटिश कंपनी होती. पुढच्या काही दशकांत जंगल तोडून मळे, कारखाने, रस्ते आणि साहेबांचे बंगले उभे राहिले. कारखान्यांच्या भट्ट्यांना सरपण लागे, म्हणून मूळ गवताळ माथ्यांवर निलगिरीची झाडे लावली गेली. आज प्रवासी ज्याला ‘निसर्ग’ म्हणून डोळे भरून पाहतात, त्यातला मोठा भाग माणसाने सव्वाशे-दीडशे वर्षांत घडवलेला आहे. तो सुंदर आहे हे खरेच. पण हे सौंदर्य मजुरीतून आले आहे.

चहा खाली बंदरापर्यंत न्यायचा तर वाट हवी होती. १९०२ मध्ये मुन्नारपासून कुंडला खोऱ्यातून टॉप स्टेशनपर्यंत एकरुळी गाडी सुरू झाली आणि १९०८ मध्ये तिच्या जागी दोन फुटी रुळांची छोटी रेल्वे आली. टॉप स्टेशनवरून चहाच्या पेट्या रोपवेने खाली कोट्टागुडीला आणि तिथून बोडिनायकनूरला जात. जुलै १९२४ च्या महापुरात ही रेल्वे वाहून गेली आणि पुन्हा बांधली गेली नाही. पर्यटक आज ‘टॉप स्टेशन’ला धुके बघायला जातात ते नाव या रेल्वेचे आहे, आणि मुन्नारच्या जुन्या स्थानकाच्या इमारतीत आता कंपनीचे कार्यालय आहे.

ज्यांनी हे सगळे उभारले ती माणसे याच बोडिनायकनूरच्या बाजूने, घाट चढून आली. तिरुनेलवेली, मदुरै, रामनाथपुरम या कोरड्या तमिळ जिल्ह्यांतून कंकाणी त्यांना आणत. कंकाणी म्हणजे मजूर गोळा करणारा आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारा माणूस. बीडकडच्या ऊसतोड कामगाराला मुकादमाची उचल जशी बांधून ठेवते, तशीच कंकाणीची आगाऊ रक्कम या कुटुंबांना बांधून ठेवी. येणाऱ्यांत दलितांची संख्या मोठी होती. गावातली अस्पृश्यता आणि दुष्काळ मागे टाकून ती वर आली. थंडी, मलेरिया आणि जळवा यांच्याशी झुंजत ती मळ्यात राहिली, आणि त्यांची चौथी-पाचवी पिढी आज तिथे आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत देवीकुळम आणि पीरमेड हे तमिळभाषक मोठ्या संख्येने असलेले तालुके केरळकडे राहिले. तेव्हापासून मळ्यातले कुटुंब घरात तमिळ बोलते आणि कचेरीत मल्याळमशी झगडते. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी कुटुंब १९५० पूर्वीपासून केरळात होते, असा पुरावा मागितला जातो. ज्यांच्या आजोबांच्या नावावर घर नव्हते, जमीन नव्हती, त्यांनी तो पुरावा कुठून आणायचा? मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि राखीव जागा या एका कागदावर अडतात.

आता पिकाबद्दल. चहाचे झाड मोकळे सोडले तर उंच वाढते. छाटून छाटून ते कमरेइतके ठेवतात, म्हणजे शेंडे हाताशी येतात आणि वरचा भाग सपाट पटासारखा पसरतो. दक्षिणेत चार-पाच वर्षांतून एकदा खोल छाटणी होते. तेव्हा उतार काळवंडलेल्या काटक्यांचा दिसतो आणि पर्यटकांना वाटते की मळा जळला. आसामात थंडीत खुडणी थांबते. मुन्नारमध्ये ती वर्षभर चालते, फक्त पावसाच्या आगेमागे पान जास्त येते. डिसेंबर-जानेवारीत काही खोऱ्यांत पारा शून्यावर उतरतो. दवाचा बर्फ होतो, आणि ऊन पडले की कोवळे शेंडे करपतात. पर्यटकांसाठी ती पहाट पर्वणी असते, मळ्याचे तेच नुकसान.

चांगल्या चहासाठी दोन पाने आणि एक कोंब खुडायचा हा नियम जुना. दक्षिणेत आता हातखुडणी कमी झाली आहे आणि बायका कात्री वापरतात. कात्रीच्या एका पात्याला उथळ खोका जोडलेला असतो. कात्री मिटली की शेंडे खोक्यात पडतात, खोका भरला की खांद्यावरून मागे, पाठीवरच्या पोत्यात उलटायचा, आणि पुन्हा कात्री. कमरेला जाड प्लॅस्टिक किंवा ताडपत्री गुंडाळलेली असते, कारण झुडपे सकाळी दवाने आणि पावसाळ्यात दिवसभर भिजलेली असतात, शिवाय छाटलेल्या काटक्या मांड्यांना ओरबाडतात. डोक्यावर कापड, त्यावर पोत्याचा पट्टा. उतार इतका तीव्र की एक पाय सतत वर आणि एक खाली. पोते भरले की ते वजनाच्या जागेपर्यंत वाहून न्यायचे. वजन वहीत चढते तेव्हा त्या दिवसाची मजुरी ठरते. ठरलेल्या किलोंपेक्षा जास्त पान आणले तर वर काही पैसे, कमी आणले तर बोलणी.

पान कारखान्यात आले की बारा-सोळा तास वाऱ्यावर सुकवतात. त्यातले पाणी कमी होऊन ते मऊ पडते. मग दातेरी रुळांमधून ते चिरडले, फाडले आणि गोळीसारखे वळवले जाते. हीच सीटीसी पद्धत. १९३० च्या सुमारास ती आसामात निघाली आणि मराठी घरात उकळला जाणारा जवळपास सगळा चहा याच पद्धतीचा असतो. चिरडलेले पान हवेत पसरून ठेवले की तासा-दीड तासात हिरव्याचे तांबूस होते आणि ताज्या कापलेल्या गवताचा वास जाऊन चहाचा वास येतो. नंतर भट्टीत वाळवणी, चाळणी, प्रतवारी. एक किलो चहाला साधारण साडेचार किलो ओले पान लागते. नल्लतण्णी मळ्यातल्या चहा संग्रहालयात ही सगळी साखळी पाहायला मिळते. १९०५ सालचे एक यंत्र आणि १९१३ सालचे दगडी सूर्यघड्याळही तिथे आहे. संग्रहालय चांगले आहे. यंत्रांइतकी जागा तिथे मजुरांना मिळाली असती तर ते अधिक पूर्ण झाले असते.

मालकी बदलत गेली. १९६४ मध्ये टाटा-फिनले आली, १९८३ मध्ये टाटा टी. मधल्या काळात, १९७१ मध्ये, केरळ सरकारने कण्णन देवन डोंगरांच्या जमिनी परत घेण्याचा स्वतंत्र कायदा केला. त्यातून सुमारे ५७ हजार एकर कंपनीकडे राहिले आणि उरलेल्या जमिनीवरचे वाद आजही मिटलेले नाहीत. २००५ मध्ये टाटांनी बहुतेक मळे सोडले आणि कण्णन देवन हिल्स प्लांटेशन्स ही नवी कंपनी आली. तिचे बहुसंख्य भाग कर्मचाऱ्यांच्या नावावर आहेत. चहा उद्योगात हा प्रयोग वेगळा होता आणि त्याचे कौतुकही झाले.

तरी सप्टेंबर २०१५ मध्ये याच मळ्यांतल्या बायका रस्त्यावर उतरल्या. कंपनीने नफा घटल्याचे सांगून बोनस वीस टक्क्यांवरून दहावर आणला, हे निमित्त. तेव्हा दिवसाची मजुरी २३२ रुपये होती. हजारो बायकांनी कोची–धनुष्कोडी महामार्ग अडवला, मुन्नारची पेठ बंद राहिली. त्यांनी कामगार संघटनांचे झेंडे नाकारले. संघटनांचे पुढारी पुरुष, वाटाघाटी त्यांच्याच हातात, आणि करार झाला की बायकांना तो कळवला जाई, हा त्यांचा आरोप होता. त्यांनी बहुतेक नेत्यांना परत पाठवले. आंदोलनाचे नाव पेंपिळै ओरुमै, बायकांची एकजूट. १३ सप्टेंबरला मुख्यमंत्री ओमन चंडी यांच्या मध्यस्थीने बोनस आणि सानुग्रह रक्कम मिळून वीस टक्के मान्य झाले. ऑक्टोबरात मजुरी ३०१ रुपये झाली, मात्र त्याबरोबर रोजच्या पानाची अट २१ किलोंवरून २५ वर गेली. पंचवीस किलो पान म्हणजे साडेपाच किलो तयार चहा. स्वतःच्या नावावर कंपनीचे भाग असलेल्या बायकांना हक्काच्या बोनससाठी महामार्गावर बसावे लागले, यातून एवढे स्पष्ट होते की कागदावरच्या मालकीने निर्णयाचा अधिकार आपोआप येत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी घर आहे. मळ्यातल्या ओळीने बांधलेल्या घरांना तिथे लयम म्हणतात. एका छपराखाली सलग बिऱ्हाडे. प्रत्येकाला बहुधा एक खोली, एक स्वयंपाकघर, पुढे अरुंद ओटा. १९५१ च्या मळा कामगार कायद्याने घर, दवाखाना आणि पाळणाघर देणे मालकावर बंधनकारक केले. कायदा चांगल्या हेतूचा होता, आणि त्याच्यामुळेच मुन्नारमध्ये दवाखाने आणि शाळा टिकल्या. त्याची दुसरी बाजू अशी की घर नोकरीला बांधले गेले. निवृत्ती आली की घर सोडायचे, किंवा मुलगा-सून-मुलगी यांच्यापैकी कोणी मळ्यात रुजू व्हायचे, म्हणजे बिऱ्हाड तिथेच राहते. शिकलेल्या मुलीला केवळ आई-बापांच्या डोक्यावरचे छप्पर वाचवायला कात्री हाती घ्यावी लागते. हे टाळायला बरेच तरुण कोची, कोइम्बतूर, तिरुप्पूर इथे कामाला गेले. मळ्यात मनुष्यबळ कमी पडू लागले आणि आता झारखंड, आसाम, ओडिशातून मजूर येतात. निवृत्त माणूस तमिळनाडूतल्या ज्या गावी ‘परत’ जाणार, तिथे त्याचे कोणी उरलेले नसते. चाळीस वर्षे डोंगर राखणाऱ्याला त्याच डोंगरात दोन गुंठे जमीन स्वतःच्या नावाने मिळू नये, हा मुन्नारचा सर्वांत मोठा अन्याय आहे.

या घराची जागाही मजूर ठरवत नाही. ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री, साडेदहा-पावणेअकराच्या सुमारास, नायमक्काड मळ्यातल्या पेट्टीमुडी इथे डोंगर खचला आणि चार लयम गाडल्या गेल्या. ७० माणसे गेली. त्यांत मुले बरीच होती. कित्येक दिवसांच्या पावसाने वीज आणि फोन बंद पडले होते, त्यामुळे बातमी मुन्नारला पोचायला सकाळ झाली. वाटेवरचा पेरियवरैचा तात्पुरता पूल वाहून गेल्याने मदतीच्या गाड्याही अडल्या. काही मृतदेह सापडलेच नाहीत. पुढे वाचलेल्या आठ कुटुंबांना कुट्टियार खोऱ्यात घरे मिळाली. पेट्टीमुडी राजमलाच्या पलीकडे आहे. एरविकुळम राष्ट्रीय उद्यानात निलगिरी तहर पाहायला पर्यटक जिथे वनखात्याच्या गाडीसाठी रांगेत उभे राहतात, त्याच रस्त्याने पुढे. दरडींखाली गेलेली माळीण, तळिये आणि इर्शाळवाडी पाहिलेल्या महाराष्ट्राला हे दुःख समजावून सांगावे लागणार नाही. डोंगररांग तीच, सह्याद्रीची. ३० जुलै २०२४ रोजी वायनाडमध्ये मुंडक्कै आणि चूरलमला ही गावे वाहून गेली तेव्हाही बळींमध्ये चहामळ्याच्या ओळीच्या घरांत राहणारे मजूर होते.

पर्यटनाने मुन्नारला पैसा दिला. मळ्यातली किती तरी मुले आज चालक, वाटाडे, स्वयंपाकी, दुकानदार आहेत, आणि ही वाट बंद व्हावी असे तिथे कोणालाच वाटत नाही. पण डोंगर कापून उभ्या राहिलेल्या हॉटेलांनी उतार दुबळे केले. २००७ मध्ये सरकारने बेकायदा बांधकामे पाडण्याची मोठी मोहीम काढली, ती काही काळाने थंडावली. २०१० मध्ये केरळ उच्च न्यायालयाने या भागातल्या बांधकामांना महसूल खात्याचे ना-हरकत प्रमाणपत्र बंधनकारक केले. कोची–धनुष्कोडी महामार्गाच्या रुंदीकरणात त्यावरच्या गॅप रोड या भागाचा डोंगर उभा कापला गेला आणि २०१९-२० मध्ये तो पुन्हा पुन्हा कोसळला. कचऱ्याचे ओझे वेगळेच: पडयप्पा नावाने ओळखला जाणारा जंगली हत्ती कल्लारच्या कचरा केंद्रात अन्न शोधताना दिसला आहे, आणि त्या अन्नाबरोबर प्लॅस्टिक असते.

सहल संस्थांच्या हातात बरेच काही आहे. मुक्कामाचे हॉटेल ठरवताना ना-हरकत प्रमाणपत्राची प्रत मागता येते. महाराष्ट्रातून इतके ग्राहक जातात की मागणी केली तर ती टाळणे हॉटेलाला अवघड जाईल. जून ते सप्टेंबर या काळात जिल्हा प्रशासनाचा लाल किंवा नारिंगी इशारा असेल तेव्हा घाट चढायचा नाही, बुकिंग पुढे ढकलले तर पैसे कापायचे नाहीत, हे आधीच छापून द्यावे. वाटाड्या मळ्यातल्याच कुटुंबातला घ्यावा, आणि त्याला फक्त फोटोच्या जागा दाखवायला न लावता त्याच्या घरची हकीकत सांगू द्यावी. संग्रहालयाबरोबर ‘सृष्टी’ला भेट ठेवावी. मळा कामगारांच्या अपंग मुलांसाठी १९९१ पासून चालणारी ही संस्था नैसर्गिक रंगांचे कापड, जॅम, हातकागद बनवते, आणि तिथली खरेदी थेट त्या तरुणांच्या कामाला पोचते.

प्रवाशांनी चहाच्या ओळींमध्ये शिरू नये. तिथे औषध फवारलेले असू शकते, झुडपांच्या फांद्या मोडतात, आणि ती कामाची जागा आहे. खुडणाऱ्या बाईचा फोटो हवा असेल तर आधी विचारावे. तिने नकारार्थी मान हलवली तर पुढे जावे. फोटोसाठी ती थांबते तेव्हा तिचे पोते तेवढे हलके राहते आणि संध्याकाळच्या वजनात ते दिसते. चहा घ्यायचा तर मळ्याच्या किंवा कारखान्याच्या दुकानातून, पाकिटावर मळ्याचे नाव पाहून घ्यावा. रस्त्यावर ‘मुन्नार चहा’ म्हणून विकली जाणारी सगळी भुकटी मुन्नारची असेलच असे नाही. पाण्याच्या बाटल्या आणि खाऊची पाकिटे घाट उतरेपर्यंत स्वतःजवळ ठेवावीत.

शेवटी नीलकुरिंजीबद्दल. महाराष्ट्रातल्या कारवीची ही बहीण. कारवी सात-आठ वर्षांनी फुलते, कुरिंजी बारा वर्षांनी. एरविकुळमचे उतार २००६ मध्ये आणि २०१८ मध्ये निळे झाले. पुढचा मोठा बहर २०३० चा. २०१८ मध्ये ऑगस्टच्या महापुराने मुन्नारचे रस्ते तोडले आणि गर्दी आपोआप आवरली. २०३० साठी ती आतापासून आवरावी लागेल. वनखाते दिवसाला जितके प्रवासी सोडेल तितकीच नोंदणी संस्थांनी घ्यावी, आणि बहर ऐन पावसाळ्याच्या अखेरीला येतो, त्या दिवसांत वरचे उतार भिजलेले आणि खालच्या लयम भरलेल्या असतात, हे लक्षात ठेवून गाड्यांची संख्या ठरवावी.